कोंबडीच्या पिलांचे अन्न : पूर्वीचे आणि आजचे

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिलू वजनाने अवघे ३०–४० ग्रॅम असते. त्याच्या अंगावर पिसांऐवजी मऊ लव असते, आणि स्वतःच्या शरीराची उष्णता राखण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी अद्याप आलेली नसते. असे असूनही ते काही तासांतच पायांवर उभे राहते व जमिनीवरील बारीक ठिपक्यांवर चोच मारू लागते. चिमणीच्या किंवा पारव्याच्या पिलाला आईबाप भरवितात. कोंबडीच्या पिलाला मात्र कोणी भरवीत नाही. त्याला आपले अन्न आपणच टिपावे लागते. म्हणून त्याच्यासमोर कोणते अन्न येते, केव्हा येते आणि त्यात काय असते, यांवर त्याचे जगणे-मरणे अवलंबून राहते. या पुस्तिकेत पिलांना पूर्वी कसे खाऊ घातले जाई, आज कसे घातले जाते, आणि या दोहोंमध्ये विज्ञानाने कोणती भर घातली, याचा विचार केला आहे.

१. अंड्यातील शिदोरी

कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. या काळात गर्भाचे सर्व पोषण अंड्यातूनच होते. पांढऱ्या भागातून त्याला मुख्यतः प्रथिने व पाणी मिळते. बलकातून स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि जीवनसत्त्वे मिळतात. हाडांसाठी लागणारा चुना तो कवचातून शोषून घेतो. कवच फोडण्यापूर्वी सुमारे दोन दिवस उरलेला बलक पिलाच्या पोटात ओढून घेतला जातो. जन्मलेल्या पिलाच्या पोटात असा पाच-सहा ग्रॅम बलक शिल्लक असतो, आणि त्यावर ते दोन ते तीन दिवस तग धरू शकते.

निसर्गात या शिदोरीचा एक उपयोग आहे. एका खुडूक कोंबडीखालची सर्व अंडी एकाच घटकेला फुटत नाहीत. आधी बाहेर आलेल्या पिलांनी अन्नासाठी आईला लगेच उठविले, तर उरलेली अंडी थंड पडतील. पोटातील बलकामुळे पहिली पिले थांबू शकतात. याच गोष्टीचा फायदा पुढे व्यापाराने घेतला. अमेरिकेत १९१८ पासून एक दिवसाची पिले टपालाने पाठविण्यास परवानगी मिळाली. वाटेत दाणापाणी न देताही ती जिवंत पोहोचत असत. आजही उबवणी केंद्रांतून पिले दूरच्या गावी जातात, ती याच शिदोरीच्या बळावर.

यावरून मागील पिढ्यांतील पालकांनी एक नियम बसविला होता. पोटातील बलक पूर्ण जिरेपर्यंत, म्हणजे ३६ ते ४८ तास, पिलांना काहीही देऊ नये, असा तो नियम. अनेक जुन्या पुस्तकांत तो छापलेला आढळतो. अलीकडील प्रयोगांनी मात्र उलटच दाखविले आहे. लवकर खाऊ लागलेल्या पिलांच्या पोटातील बलक उपाशी ठेवलेल्या पिलांपेक्षा अधिक वेगाने वापरला जातो, आणि त्यांच्या आतड्यांची वाढही लवकर होते. बलक ही अडचणीच्या वेळेसाठी असलेली शिल्लक आहे. तिच्यासाठी पिलाला उपाशी ठेवण्याचे कारण नाही.

२. खुडूक कोंबडीचे कार्य

महाराष्ट्रातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत अशी : खुडूक झालेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावयाची, पिले निघाली की पहिले काही दिवस तिला पिलांसह डालग्याखाली झाकावयाचे, आणि नंतर अंगणात मोकळे सोडावयाचे. कोकणात पिलांपुढे तांदळाची कणी व कोंडा पडे. देशावर ज्वारी-बाजरीचा भरडा, कोठे नाचणीचे दाणे. चुलीपाशी सांडलेले, ताटात उरलेले शितही त्यांच्या वाट्यास येई.

पाहणाऱ्यास वाटे की, पिले या मूठभर कणीवर वाढतात. वस्तुतः हा त्यांच्या आहाराचा थोडासा भाग होता. उरलेला आहार कोंबडी मिळवून देत असे. ती उकिरडा उकरी, पाने उलटी, आणि एखादा किडा सापडला की विशिष्ट आवाज करून तो पिलांपुढे टाकी. पिले किडे, गांडुळे, वाळवी, मुंग्यांची अंडी, कोवळे गवत आणि बारीक खडे वेचून खात. दिवसभर ती उन्हात वावरत व थंडी वाजली की आईच्या पंखांखाली शिरत.

या पद्धतीत खर्च जवळजवळ नसे. हानी मात्र मोठी असे. घार, कावळा, मुंगूस व मांजर यांनी काही पिले न्यावी, काही पावसात भिजून मरावी, काही मानमोडीने जावी, आणि डझनभर पिलांपैकी थोडीच मोठी व्हावी, हा अनुभव सर्वत्र येई. पिलांची भूक हेही मृत्यूचे एक कारण होते. परंतु ते डोळ्यांना दिसत नसल्याने त्याची नोंद कोणी घेत नसे. अर्धपोटी पिलू मंद होते, मागे पडते, आणि मग घारीला तेच प्रथम सापडते. दोष घारीला दिला जातो, भुकेचे नाव पुढे येत नाही.

३. आईवाचून वाढलेली पिले

अंडी कृत्रिम रीतीने उबविण्याची कला ईजिप्त व चीन या देशांत फार प्राचीन आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी मोठी उबवणी यंत्रे प्रचारात आली, तेव्हा हजारो पिले एकाच दिवशी, आईवाचून, जन्माला येऊ लागली. ती बंद घरात ऊब देऊन व धान्य घालून वाढविण्यात येऊ लागली. तेव्हा असे विकार दिसू लागले की जे अंगणातील पिलांत क्वचितच दिसत. कोंबडी पिलांसाठी जे जे नकळत करीत होती, ते ते एकेक करून शास्त्रज्ञांस शोधून काढावे लागले. या शोधांतून पोषणशास्त्राचा मोठा भाग उभा राहिला, आणि त्याचा लाभ मनुष्यासही झाला.

कोंडा आणि बेरीबेरी. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे डच वैद्य क्रिस्तियान आइकमान बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय अकस्मात लुळे पडले आणि त्या मरू लागल्या. काही काळाने त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली असता कळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारताच पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ सुरू झाला होता. तांदळाच्या कोंड्यात रोग हटविणारे काहीतरी आहे, हे यातून सिद्ध झाले. तेच पुढे ‘ब१’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. आइकमान यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातील घरी सडलेल्या तांदळाची कणी व कोंडा खाणारी पिले या रोगापासून का सुरक्षित राहत, हे यावरून ध्यानात येईल. गिरणीत पूर्ण पांढऱ्या केलेल्या तांदळाची कणी दिसावयास तशीच असते. परंतु तिच्यातील हा अंश पुष्कळसा निघून गेलेला असतो.

ऊन आणि हाडे. बंद घरात वाढविलेल्या पिलांचे पाय वाकडे होत व ती उभी राहू शकत नसत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२० नंतरच्या वर्षांत झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, अशी पिले उन्हात ठेवल्याने किंवा त्यांना कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्याने बरी होतात. काचेतून आलेल्या उन्हाचा मात्र उपयोग होत नाही, कारण आवश्यक अतिनील किरण काच अडविते. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या या ज्ञानामुळेच पिले वर्षभर बंद घरात वाढविणे शक्य झाले.

हिरवा पाला आणि रक्त. १९२९ साली कोपनहेगन येथे हेन्रिक डाम यांनी काही पिलांना स्निग्धांश काढून टाकलेले अन्न दिले. त्या पिलांच्या त्वचेखाली व स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला; त्यांचे रक्त गोठत नसे. हिरव्या पाल्यातील एका घटकाने हा दोष दूर होई. रक्त गोठण्याच्या क्रियेवरून त्याला ‘के’ जीवनसत्त्व असे नाव मिळाले. डाम व एडवर्ड डॉइझी यांस १९४३ चे नोबेल पारितोषिक याच कार्यासाठी देण्यात आले. आज नवजात बालकास रक्तस्राव होऊ नये म्हणून ‘के’ जीवनसत्त्वाची सुई टोचतात; तिचे मूळ या पिलांत आहे.

किडे, खत आणि ‘ब१२’. केवळ वनस्पतिजन्य अन्नावर पिले नीट वाढत नाहीत, आणि त्यात थोडी मासळीची भुकटी घातली की वाढ सुधारते, हे पुष्कळ दिवस ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते. १९४८ मध्ये ‘ब१२’ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले आणि कोडे उलगडले. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत. सूक्ष्मजंतू तयार करतात. किड्यांत, शेणखतात आणि जुन्या गादीत ते आढळते. उकिरडा उकरणारी कोंबडी पिलांना जे देत होती, त्यात हेही होते.

याशिवाय मँगेनीजच्या अभावी घोट्याचा सांधा निसटतो, हे १९३६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले. ‘ब२’ जीवनसत्त्व कमी पडल्यास पायांची बोटे आत वळतात. ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडल्यास पिलू तोल जाऊन पडते व मान मागे टाकते.

४. समतोल खाद्य म्हणजे काय ?

पिलांचे समतोल खाद्य पाच गोष्टींनी बनते : शक्ती देणारी धान्ये, वाढ घडविणारी प्रथिने, हाडे घडविणारी खनिजे, जीवनसत्त्वे आणि पाणी. यांपैकी प्रथिनांचे प्रमाण ठरविणे हे पहिले काम होय. अंडी देणाऱ्या जातींच्या पिलांना पहिले आठ आठवडे सुमारे २० टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते; मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या पिलांना आरंभी २२–२३ टक्के लागतात. मका किंवा तांदळाची कणी यांत प्रथिने आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासच असतात. म्हणजे नुसत्या धान्यावर पिलाचे पोट भरेल. परंतु त्याची वाढ होणार नाही. तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीत सुमारे ४४ टक्के प्रथिने असतात. या दोहोंचे मिश्रण कसे करावे, हे शाळेतील विद्यार्थ्यासही काढता येईल.

धान्यात ९ टक्के, पेंडीत ४४ टक्के आणि हवी आहेत २० टक्के. पेंडीच्या आकड्यातून हवा तो आकडा वजा करावा : ४४ − २० = २४. हे धान्याचे भाग. हव्या त्या आकड्यातून धान्याचा आकडा वजा करावा : २० − ९ = ११. हे पेंडीचे भाग. म्हणजे २४ किलो धान्य व ११ किलो पेंड मिळून ३५ किलो मिश्रण होते. ताळा पाहावयाचा तर, २४ किलो धान्यात २.१६ किलो आणि ११ किलो पेंडीत ४.८४ किलो, मिळून ७ किलो प्रथिने आली. आणि ३५ किलोचे २० टक्के म्हणजे ७ किलोच होतात. प्रत्यक्षात यात खनिजे व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण घालावे लागते, त्यामुळे पेंड किंचित वाढवावी लागते.

प्रथिनांचे प्रमाण जुळले तरी काम संपत नाही. प्रथिने ज्या अॅमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांपैकी लायसिन धान्यांत कमी असते. ते सोयाबीन भरून काढते. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी असते, आणि पिसे घडविण्यास गंधकयुक्त अॅमिनो आम्ले फार लागतात. म्हणून कारखान्यात तयार केलेले मेथिओनिन थोड्या प्रमाणात खाद्यात मिसळतात. कोकण किनाऱ्यावर पिलांपुढे पडणारा सुकटीचा चुरा हीच उणीव आपल्या परीने भरून काढीत असे.

एक चूक टाळली पाहिजे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य पिलांना घालू नये. कवचासाठी त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. पिलांना सुमारे एक टक्का पुरते; अधिक झाल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

५. पहिला आठवडा

आज पिलांची व्यवस्था सामान्यतः पुढीलप्रमाणे ठेवितात. पिले येण्यापूर्वीच जमिनीवर भाताच्या तुसाची गादी अंथरून घर उबदार केलेले असते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते. पुढे ते दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करतात. तापमापक नसला तरी पिलांवरून अंदाज येतो. ती दिव्याखाली एकमेकांना चिकटून बसली, तर ऊब कमी आहे. दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली, तर ती जास्त आहे. सर्वत्र सारखी पसरून खात असली, तर योग्य आहे.

आधी पाणी व मग खाद्य हा क्रम पाळतात. प्रवासातून आलेल्या पिलांना प्रथम गुळाचे पाणी देण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आहे. चोच पाण्यात बुडविली की पिलू प्यावयास शिकते. गादीवर वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा टाकतात, म्हणजे पिले तूस न खाता खाद्य टिपू लागतात. त्यानंतर समतोल खाद्य सुरू करतात. पिले खाद्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पितात. पाणी संपले की खाणेही थांबते.

पिले खाऊ लागली की नाही, हे पाहण्याची सोपी खूण आहे. गळ्याच्या तळाशी अन्नपुट नावाची पिशवी असते. रात्री काही पिले हातात घेऊन ती हळूच चाचपावी. मऊ व भरलेली लागल्यास पिलू जेवले आहे व पाणीही प्याले आहे. कठीण लागल्यास पाणी कमी पडले आहे. रिकामी लागल्यास ते उपाशी आहे. अशी पिले वेगळी काढून त्यांची चोच पाण्यास व खाद्यास लावावी.

६. भारतातील स्थित्यंतर

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांतून सुधारित जातींची पिले व खाद्य यांचा प्रसार सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. मुंबईत आरे येथे केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. बरेली येथील इज्जतनगरात १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली. पुण्यात १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग सुरू झाल्यानंतर संकरित पिलांचा व्यवसाय महाराष्ट्रात झपाट्याने वाढला.

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे एके काळचे खेडे आज कारखान्यांची वसाहत म्हणून प्रसिद्ध आहे. ते ज्या गुरुग्राम जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात केंद्र सरकारचे कुक्कुट कार्यक्षमता चाचणी केंद्र आहे. निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांना एकाच छपराखाली, एकाच प्रकारच्या खाद्यावर व एकाच देखरेखीत वाढवून त्यांची वाढ, अंडी व खाद्याचा खप यांची तुलना करणे, हे अशा केंद्राचे काम असते. खाद्य सारखे ठेवल्यावाचून जातीचा गुण ओळखता येत नाही. एखादी जात हलकी ठरते, ती बरेचदा अपुऱ्या अन्नामुळे, हे या पद्धतीने स्पष्ट होते.

निवड व खाद्य या दोहोंचा परिणाम मोठा आहे. मांसासाठी वाढविलेले आजचे पिलू सातव्या दिवशी जन्मवेळच्या सुमारे चौपट होते आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचे भरते. अंगणातील देशी पिलाला एक किलोचे होण्यास कित्येक महिने लागतात.

७. नवे प्रश्न

बंद घरातील पिलू स्वतः अन्न निवडू शकत नाही; जे पुढे येईल तेच खाते. त्यामुळे खाद्यातील एका दोषाचा फटका हजारो पिलांना बसतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती कारण सापडले ते ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने एक विष निर्माण केले होते; त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव देण्यात आले. हे विष यकृताचा नाश करते व शिजविल्याने सहसा जात नाही. महाराष्ट्रात पावसाळ्याची ओल लक्षात घेता हा धडा महत्त्वाचा आहे. माणसांनी खाण्यास नाकारलेले, वास आलेले किंवा बुरशी चढलेले धान्य ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकण्याची सवय पिलांच्या जिवावर बेतते.

दुसरा प्रश्न प्रतिजैविकांचा. १९४९–५० च्या सुमारास अमेरिकेत असे दिसून आले की, खाद्यात अल्प प्रतिजैविक मिसळल्यास निरोगी पिलांचीही वाढ जलद होते. ही प्रथा जगभर पसरली. परंतु अशा सततच्या वापराने औषधास दाद न देणारे जंतू निपजतात व ते माणसांपर्यंत पोहोचतात. युरोपीय संघाने वाढीसाठी होणारा हा वापर २००६ पासून बंद केला. भारताने कोलिस्टिन या महत्त्वाच्या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर २०१९ साली थांबविला.

तिसरा प्रश्न खेड्यातील घरांचा आहे, आणि तो सर्वांत जवळचा आहे. एका पिलाला पहिल्या आठ आठवड्यांत सुमारे दोन किलो खाद्य लागते. म्हणजे बारा पिलांना २४ किलो. ज्या घरात माणसांचेच धान्य मोजून वापरावे लागते, तेथे हे परवडत नाही. आणि कोंबड्या बहुधा ज्या घरच्या बाईच्या हातखर्चाचा आधार असतात, तिचेच नुकसान होते. म्हणून शासनाच्या काही योजनांत पिले चार आठवडे केंद्रात वाढवून मगच कुटुंबांना देतात. घरच्या घरी करण्यासारखेही काही उपाय आहेत. बांबूची जाळीदार टोपली पालथी घालून तिच्याखाली खाद्य ठेवावे. फटी अशा असाव्या की, पिले आत शिरतील, पण मोठ्या कोंबड्या शिरणार नाहीत. अशा रीतीने थोडे खाद्य ज्यांना त्याची गरज आहे त्यांनाच मिळते. सारे खाद्य विकत घेण्याऐवजी पहिल्या चार आठवड्यांपुरते घेतले, तरी मृत्यू पुष्कळ घटतात. पश्चिम आफ्रिकेतील काही देशांत मडक्यात ओले गवत व शेण भरून ते वाळवीच्या जागी पालथे ठेवितात. दुसऱ्या दिवशी त्यात जमलेली वाळवी पिलांपुढे टाकतात. ही प्रथिने फुकट मिळतात.

८. समारोप

पूर्वीच्या पिढ्यांनी पिलांना जे दिले, ते अपुरे होते. परंतु त्यात विविधता होती. आजचे खाद्य पुरेसे आहे. परंतु ते तयार करणाऱ्याच्या ज्ञानावर व प्रामाणिकपणावर सर्वस्वी अवलंबून आहे. अंगणातील पिलाला ऊन, किडे व हिरवा पाला फुकट मिळतात, त्याला कमी पडते ते थोडे प्रथिनयुक्त खाद्य आणि पहिल्या महिन्यातील संरक्षण. बंद घरातील पिलाला सर्व काही माणसाने द्यावे लागते. आपण कोणत्या प्रकारचे पिलू पाळीत आहोत, हे ओळखून त्याची उणीव भरून काढणे, हेच पालकाचे काम होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पिले अन्नावाचून दोन-तीन दिवस जगू शकतात, याचे कारण काय ? तरीही त्यांना लवकर खाद्य का द्यावे ?

२. ज्वारीत १० टक्के व पेंडीत ४० टक्के प्रथिने आहेत असे समजून २० टक्के प्रथिने असलेले ६० किलो खाद्य तयार करण्यास प्रत्येकी किती किलो लागेल ?

३. उन्हाऐवजी काचेच्या खिडकीतून येणारा प्रकाश पिलांच्या हाडांना का पुरत नाही ?

४. आपल्या गावातील दोन-तीन घरी जाऊन पिलांना काय घातले जाते व महिनाभरात किती पिले दगावतात, याची नोंद करा. त्या आहारात कोणत्या घटकाची उणीव दिसते ?